तीन बाय चारच्या संडासात कमोड बसवताना

आई संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले. रात्री जेवताना तिच्या ताटाशी फुलपात्र भरून ठेवलं की दोन घोट घ्यायची, उरलेलं सकाळी तुळशीला जायचं. विचारलं की म्हणायची, "तहानच लागत नाही गं हल्ली." मग एके रात्री दीडच्या सुमाराला संडासातून बादली कलंडल्याचा आवाज आला. धावत गेले तर कडी आतून लावलेली. आमचं दार आत उघडणारं, आणि तोल जाऊन आई नेमकी त्याच दाराशी येऊन अडकलेली. तिला उठता येईना, मला दार लोटता येईना. शेवटी तिनंच कसंबसं अंग मागे सरकवलं, हात वर करून कडी काढली आणि मी वीतभर फटीतून हात घालून तिचा दंड धरला. नळाला धरून उठायची तिची सवय. त्या रात्री नळच भिंतीतून हलला होता.

चहा करून दिला तेव्हा तिनं कबूल केलं, "रात्री जायला लागू नये म्हणून पाणी कमी पिते." ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून उजवा गुडघा बदलायचं सांगितलं, तारीख सात आठवड्यांनंतरची मिळाली, आणि जाता जाता ते म्हणाले, "ऑपरेशननंतर उकिडवं बसणं बंद. घरी कमोड आहे ना?" नव्हता. सात आठवड्यांत तो बसवायचा होता.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. इमारत १९८६ सालची. वन बीएचके, संडास आणि बाथरूम शेजारीशेजारी पण वेगळे. संडास तीन फूट रुंद, चार फूट लांब. आत एक पायरी चढून जायचं, चौथऱ्यावर इंडियन भांडं, मागच्या भिंतीला वर लुव्हरची खिडकी आणि त्या भिंतीपलीकडे डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उघड्या जागेतून, खाली जाणारा मोठा पाइप. राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्वतंत्र संडासाला कमीत कमी १.१ चौरस मीटर जागा आणि ०.९ मीटर रुंदी सांगितलेली आहे. तीन बाय चार फूट म्हणजे जवळजवळ नेमकं तेवढंच. म्हणजे आमचा संडास कमीत कमीच्या रेषेवरच उभा होता, त्याच्याखाली जायला एक इंचही शिल्लक नव्हता.

नवरा म्हणाला, मधली भिंत पाडून दोन्ही एक करू, ऐसपैस होईल. कागदावर ते खरंच छान दिसत होतं. पण घरात आम्ही चार माणसं. सकाळी साडेसहा ते आठ या वेळात एक जण अंघोळीला आणि एक जण संडासला हे आमचं रोजचं गणित. दोन्ही एक केल्यावर आई आत असताना बाकीच्यांनी बाहेर ताटकळायचं, आणि बाहेर कोणी उभं आहे या जाणिवेनं तिनं घाई करायची. घाईत उठणं हेच तर टाळायचं होतं. त्यामुळे भिंत राहिली.

पहिले प्लंबर आले, त्यांनी दारातूनच बघितलं आणि म्हणाले, "ताई, एका दिवसाचं काम. भांडं काढतो, त्याच ट्रॅपवर कमोड ठेवतो, पायरी आहे तशीच राहू दे." खर्चही अगदी थोडा सांगितला. मी त्यांना नाही म्हटलं, कारण मावसभावाकडे नेमकं असंच काम झालेलं मी पाहिलं होतं. तिथं दर वेळी दोनदा फ्लश करावा लागतो आणि पाणी जाताना गुडगुड आवाज येतो. त्याचं कारण मला नंतर दुसऱ्या प्लंबरदादांनी नीट समजावलं. इंडियन भांड्याला स्वतःचा ट्रॅप नसतो. तो खाली वेगळा बसवलेला असतो, वळणाचा, ज्यात कायम पाणी राहतं आणि म्हणून गटाराचा वास वर येत नाही. कमोडच्या पोटात हे वळण आधीच असतं. जुना ट्रॅप न काढता वर कमोड ठेवला की एकाखाली एक दोन ट्रॅप होतात, मधल्या पाइपात हवा कोंडते आणि पाण्याचा जोर मरतो. भांडं कितीही महागाचं आणा, मग ते नीट वाहत नाही. कुणाच्या घरी असं काम निघणार असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा, "जुना ट्रॅप काढणार ना?"

ट्रॅप काढायचा म्हणजे चौथरा फोडायचा. त्यातून एक गोष्ट कळली आणि मला फार हायसं वाटलं. आमच्याकडे संडासाखालचा स्लॅब आधीच खाली घेतलेला होता, पॅसेजच्या लादीपासून साधारण फूटभर. भांडं अधिक ट्रॅप एवढी उंची त्या फूटभरात मावत नाही, म्हणून वर सहा इंचांची पायरी करावी लागलेली. कमोडला जमिनीखाली फक्त चार इंची पाइप आणि त्याचा बाक लागतो. म्हणजे ट्रॅप गेला की पायरीही जाऊ शकत होती. आईला ऑपरेशननंतर वॉकर घेऊन सपाट जमिनीवरून आत जाता येणार होतं. एवढा वेळ मी फक्त भांड्याचा विचार करत होते, पायरी मी बदलता येणार नाही असंच धरून चालले होते.

आता मापं. हे काम मी स्वतः केलं, एका रविवारी दुपारी, टेप आणि वही घेऊन. लादीपासून लादीपर्यंत रुंदी ३५ इंच, लांबी ४७ इंच. दार २४ इंची, आखूड बाजूच्या भिंतीत, कमोड त्याच्या बरोब्बर समोर येणार. भांड्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंच्या भिंती कमीत कमी १५ इंच लांब हव्यात, नाहीतर कोपर भिंतीला घासतं. आम्हाला साडेसतरा मिळत होते, ती काळजी मिटली. खरी अडचण पुढच्या जागेची. भांड्याच्या पुढच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंत निदान २१ इंच मोकळे लागतात, गुडघे मावायला आणि उठताना पुढे झुकायला. गुडघे दुखणारा माणूस सरळ वर उठत नाही, आधी डोकं पुढे नेतो आणि मग अंग उचलतो. त्या झुकण्याला जागा लागते.

४७ मधून २१ वजा केले तर राहतात २६. टाकी धरून अख्खा कमोड २६ इंचांत बसायला हवा, आणि टाकीमागे बोटभर फट सोडली तर साडेपंचविसातच.

मानपाडा रोडवरची दुकानं मी तीन संध्याकाळी फिरले. दुकानात रांगेनं मांडलेले कमोड सगळेच सुंदर दिसतात, कारण तिथं भिंती नसतात. मला पहिल्यांदा आवडला तो वन-पीस, म्हणजे टाकी आणि भांडं एकसंध, साफ करायला खाचाखोचा नाहीत. लांबी साडेअठ्ठावीस इंच. शिवाय त्याचा पाइप भिंतीपासून १२ इंचांवर हवा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, दोन-अडीच इंचानं काय होतंय?" घरी येऊन मी वर्तमानपत्रं चिकटवली, त्यावर साडेअठ्ठावीस इंचांचा आकार आखून कापला, चौथऱ्यावर अंथरला आणि प्लास्टिकचं स्टूल ठेवून त्यावर बसले. समोरच्या बंद दारावर गुडघे टेकत नव्हते, पण उठायला झुकले तर कपाळ कडीला लागलं. तोच कागद पुढून साडेतीन इंच कापला आणि पुन्हा बसले. आता सहज उठता आलं. अडीच इंचानं काय होतं ते मला दुकानात कळलं नसतं.

मग वॉल-हंग. भिंतीवर लटकणारं भांडं, टाकी भिंतीच्या आत. छोट्या संडासाला हेच घ्या असं सगळे सांगत होते. भांडं पुढे फक्त साडेवीस इंच येतं, खालून पोछा सरळ फिरतो, आणि मोठी गोष्ट म्हणजे बसायची उंची आपल्या मनाप्रमाणे ठेवता येते. पण टाकी भिंतीत लपते ती भिंत आतून कापली तरच. आमची मागची भिंत बाहेरची, पावसाचा मारा खाणारी. तिच्यात खाच पाडायला सोसायटीची परवानगी नव्हती, आणि असती तरी मी पाडली नसती. न कापता टाकीसमोर नवी वीटबांधणी करून पेटी करायची म्हटली तर साडेसहा इंच जातात. साडेवीस आणि साडेसहा, सत्तावीस झाले. म्हणजे एवढा खर्च करून जागा उलट दीड इंचानं जास्त गेली असती. मधल्या भिंतीमागे मोकळा डक्ट असेल किंवा भिंत जाड असेल तर वॉल-हंगसारखं काही नाही. आमच्यासारख्या घरात आधी भिंतीची जाडी बघावी आणि मग त्याचा विचार करावा.

जुन्या पद्धतीचं साधं भांडं आणि वर भिंतीवर वेगळी प्लास्टिकची टाकी, हाही पर्याय होता. भांडं एकवीस इंचांचं, मागे तीन इंच फट, सगळं मिळून चोवीस. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आखूड. माझा हात त्याच्याकडे बराच वेळ गेला होता. पण मागच्या त्या तीन इंचांच्या फटीत हात जात नाही, पावसाळ्यात तिथं बुरशी धरते, आणि बसल्यावर पाठीला टेकायला काहीच नाही. दमलेली आई मागे टेकणारच. एका इंचासाठी हे सगळं नको वाटलं.

शेवटी जो घेतला तो दोन भागांचा, टाकी भांड्यावरच बसणारा, आखूड मापाचा. एकूण लांबी २५ इंच, रुंदी साडेचौदा. पुढून गोल आकाराचा, लांबट नाही. लांबट भांडं बसायला थोडं प्रशस्त असतं, पण दोनेक इंच खातं. एस-ट्रॅप, म्हणजे पाइप खाली जमिनीत जाणारा, भिंतीपासून ९ इंचांवर. पी-ट्रॅप घेतला असता तर पाइप मागे सरळ भिंतीतून गेला असता. त्यासाठी बाहेरच्या भिंतीला नवं भोक, डक्टमध्ये परांचा बांधून मोठ्या पाइपाला नवा जोड, आणि सोसायटीची वेगळी मंजुरी. आमचा जुना पाइप जमिनीतूनच जात होता, तेव्हा एसच बरा. दुकानात जाण्याआधी आपल्याला एस लागणार की पी, आणि भिंतीपासून किती इंच, हे दोनच शब्द वहीत लिहून न्या. रंग आणि आकार त्यानंतर बघा. दुकानदारसुद्धा मग वेगळ्या नजरेनं बोलतो.

फ्लश दोन बटणांचा, ३ आणि ६ लिटरचा. पाणी भांड्याच्या कडेवरून जोरात खाली ढकलणारा साधा वॉशडाउन प्रकार घेतला. आमच्याकडे पाणीकपातीच्या दिवशी बादलीनं पाणी टाकावं लागतं आणि वॉशडाउनमध्ये अर्ध्या बादलीत काम होतं. भांड्यावर आयएसआयची खूण आणि आयएस २५५६ हा मानक क्रमांक बघून घेतला. गुजरातमधल्या थानगढचा बिनछापाचा माल निम्म्या किमतीत मिळत होता. थानगढला चांगले कारखाने आहेत, नाव असलेला मालही तिथूनच येतो, त्यामुळे गावाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण टाकीच्या आतले भाग पाच वर्षांनी बदलायची वेळ आली तर ते मिळायला हवेत, म्हणून मी छापाचा घेतला. साडेनऊ हजार पडले.

उंचीवर मात्र घरात बरीच चर्चा झाली. दिव्यांग आणि वृद्धांसाठीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत सीटची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर सांगतात, म्हणजे जवळपास १८ ते १९ इंच. वाचून मला वाटलं, उंचच घ्यावा, गुडघ्याला सोपं. पण माझी आई चार फूट अकरा इंच. तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून, पाय जमिनीला नीट टेकवून, टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजलं तर १६ इंच भरले. १८ इंचांच्या सीटवर तिचे पाय अधांतरी राहिले असते. मांडीखाली काठ रुततो, पायाला मुंग्या येतात, आणि उठताना जोर लावायला जमीनच सापडत नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा वर जाता कामा नयेत, या दोन्हींत बसेल ती उंची. ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे सीटवर बसवायचा प्लास्टिकचा उंचवटा मिळतो, तो लावा आणि पायाखाली रुंद, न सरकणारी फळी द्या. पुढे तो काढून टाका. म्हणून आम्ही नेहमीचा १६ इंचांचाच घेतला. तो उंचवटा गोल भांड्यावर घट्ट बसतो का, हे दुकानातच बसवून बघितलं.

काम सुरू व्हायच्या आधी आईला बदलापूरला ताईकडे पाठवलं. तिच्याकडे कमोड आहे, तेवढीच सवय होईल असंही मनात होतं. आईच्या मनातली अढी मला माहीत होती. सत्तर वर्षं पायांवर बसलेली बाई. "जिथं दुसरा बसला तिथं आपलं अंग टेकवायचं, मला नाही गं जमायचं," हे तिनं मला हळू आवाजात, माझा नवरा घरात नसताना सांगितलं होतं. यावर मी वाद घातला नाही. कमोडला सीट-कव्हर काढून धुता येईल असं घेतलं, आणि तिला सांगितलं की रोज सकाळी पहिल्यांदा मी धुवून देईन.

सोसायटीला अर्ज दिला, खालच्या मजल्यावरच्या काकूंना जाऊन सांगितलं. काकूंनी मला त्यांच्या संडासात नेऊन छत दाखवलं. ताटाएवढा पिवळा डाग, मधोमध रंगाचे पोपडे. "तीन पावसाळे झाले," एवढंच म्हणाल्या. त्यांनी आजवर कधी तक्रार केली नव्हती. मला फार अपराधी वाटलं. आमच्या पायांखाली काय चाललंय याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता.

चौथरा फोडल्यावर डागाचं कारण दिसलं. जुना बीडाचा पाइप आणि ट्रॅप यांच्यातल्या जोडाला चीर होती आणि भरावातला वीटचुरा हातात घेतला तर पिळून पाणी निघेल इतका ओला. एकोणीस गोण्या डेब्री खाली गेली. सगळा भराव काढला, स्लॅब तीन दिवस सुकू दिला, कोपरे गोल करून घेतले, वॉटरप्रूफिंगचे दोन हात आडवे-उभे मारले. मग पाणी भरून ठेवलं, पूर्ण ४८ तास. गवंडी म्हणत होते चोवीस तास पुष्कळ झाले. पण काकूंचं छत माझ्या डोळ्यांसमोर होतं. दोन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ मी खाली जाऊन डागाला हात लावून बघत होते. ओल वाढली नाही तेव्हाच पाइपाचं काम पुढे नेलं.

आणि इथं एक चूक होता होता राहिली. प्लंबरदादांनी नवा पीव्हीसी पाइप बसवला, भिंतीपासून बरोब्बर ९ इंच मोजून. दादा अनुभवी, हात स्वच्छ. पण मी संध्याकाळी वाकून टेप लावला तेव्हा मनात आलं, ही भिंत तर अजून उघडी आहे. जुन्या लाद्या काढलेल्या. हिच्यावर अजून माल लागणार, लादी लागणार. दुसऱ्या दिवशी दादांना विचारलं, "दादा, नऊ इंच विटेपासून घेतले की लादीपासून?" ते क्षणभर गप्प झाले. मग लादीचा तुकडा घेऊन भिंतीला लावला, त्यामागे मालाची जाडी बोटानं धरली आणि टेपवर अंगठा ठेवून म्हणाले, "सहा सूत कमी पडतात, ताई."

सहा सूत म्हणजे पाऊण इंच. ते तसंच राहिलं असतं तर टाकी भिंतीला आधीच भिडली असती आणि भांड्याचं तोंड पाइपाच्या पाऊण इंच पुढे राहिलं असतं. मग वाकडी कॉलर लावून ओढूनताणून जोड करायचा, आणि तीन वर्षांनी पुन्हा काकूंचं छत. दादांनी त्याच वेळी जोड उघडला, पाइप पुढे घेतला, आणि पेन्सिलनं भिंतीवर दोन रेघा मारल्या, एक विटेची, एक तयार लादीची. "आता कोणी पण येऊ दे, चुकणार नाही," म्हणाले. मला त्यांचा फार आदर वाटला. चूक दाखवल्यावर चिडणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत.

दाराचंही काम त्याच आठवड्यात केलं. बाहेर उघडणारं करायचं हे मी त्या रात्रीच ठरवलं होतं. आत कोणी पडलं तर दार लोटून उघडता येत नाही, हे मी स्वतः अनुभवलं होतं. अडचण एवढीच की पॅसेजमध्ये समोर वॉशबेसिन, आणि दार बाहेर उघडलं की त्याच्यावर आपटणार. बिजागरी उजवीकडून डावीकडे घेतल्यावर दार भिंतीला चिकटून पूर्ण उघडू लागलं. कडीच्या जागी बाहेरून नाण्यानं फिरवता येणारी कडी लावली.

कमोड बसवायच्या दिवशी आणखी एका गोष्टीवर मी अडून बसले. बरेच जण भांडं सिमेंटमध्ये गाडून टाकतात. ते घट्ट बसतं खरं, पण पुढे कधी काढायची वेळ आली की चिनी मातीला तडा जातो. आम्ही जमिनीत स्क्रू धरून ठेवणारी गिट्टी मारून स्क्रूवर बसवलं, लेव्हल लावून, एका बाजूला बारीक पॅकिंग देऊन. कडेनं पांढरं सिमेंट फक्त तीन बाजूंनी भरलं, मागची बाजू मोकळी ठेवली. खाली जोडातून पाणी आलंच तर ते तिथून बाहेर दिसेल, आत मुरत बसणार नाही. त्याआधी लागोपाठ दहा वेळा फ्लश करून कॉलरभोवती कोरडा कागद फिरवून बघितला. टाकीचं झाकण खिडकीच्या खालच्या कडेला न अडता सरळ वर निघतं का, तेही उचलून बघितलं.

भिंतीवरच्या दांड्याची जागा मात्र आई आल्याशिवाय ठरवायची नाही असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. आई बदलापूरहून आली, हातपाय धुतले आणि साडीचा पदर खोचून नव्या कमोडवर झाकण बंद ठेवून बसली. मी म्हटलं, "आई, डोळे मीट आणि उठायला हात टाक." तिचा उजवा हात भिंतीवर जिथं पडला तिथं दादांनी पेन्सिलनं फुली मारली. मग तिला उठवलं, पुन्हा बसवलं. तिन्ही वेळा फुली साधारण एकाच ठिकाणी आली, मी मनात धरली होती त्यापेक्षा चांगली पाच इंच पुढे. मी माझ्या हाताच्या लांबीनं विचार करत होते. स्टीलचा दांडा तिथं तिरपा लावला, वीटकामात खोल गिट्टी मारून, आणि मी त्याला सगळं वजन देऊन लोंबकळून बघितलं. जेटची नळीही तशीच, तिला मागे वळावं लागू नये अशी, उजव्या हाताशी पुढे घेतली.

सगळा खर्च, डेब्री उचलण्यापासून दारापर्यंत, सत्तावन्न हजारांच्या आसपास गेला. त्यातला कमोड साडेनऊ हजारांचा. लोक मला विचारतात की कुठला कमोड घेतलास. मी कंपनीचं नाव सांगते, पण त्याच दमात पाइप, पायरी आणि दाराचंही सांगते, कारण पैसे तिथं गेले आणि आईला आराम तिथं मिळाला.

ऑपरेशनला आता चार महिने झाले. प्लास्टिकचा उंचवटा दुसऱ्या महिन्याच्या शेवटी काढला, माळ्यावर ठेवलाय, डावा गुडघाही पुढे-मागे करावा लागेल. आई वॉकरशिवाय जाते. कडी मात्र लावत नाही, दार नुसतं लोटते. बाहेर कोणी असलं तर आतून खाकरते. काकूंच्या छताला गणपतीच्या आधी रंग दिला, तो अजून कोरडा आहे. रोज सकाळी सीट मीच धुते, तसं ठरलं होतं. रात्री नऊच्या गोळ्या आई आता पूर्ण फुलपात्रभर पाण्याबरोबर घेते.

बाथरूमचा उंबरा तेवढा राहिला आहे, चार इंचांचा. तो ओलांडताना तिचा हात अजून भिंत शोधतो. प्लंबरदादांना दिवाळीनंतरची वेळ मागितली आहे, आणि या वेळी टेप आधी आईच्या हातात देणार आहे.